व्होल्गेला वाहिलेला रुपया

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने कोळसे पेटवले, की मला आजही रशियातली आगगाडी आठवते. तिथे डब्यात चहाचं पाणी कोळशावरच तापायचं.

नव्वदीच्या दशकात ह्यांना ओझरच्या विमान कारखान्यातून ट्रेनिंगला पाठवलं होतं, सोबत मी. सायबेरियापर्यंतचा लांबलचक प्रवास. सकाळपासून खिडकीत नुसती झाडं पळत होती. मग एकदम पूल खडखडला आणि खाली व्होल्गा दिसली. केवढं ते पात्र! मी पर्समधून आपला रुपया काढला.

"अगं, इथं नको हा अडाणीपणा," हे दबक्या आवाजात म्हणाले. "साहेब लोक बघतायत. ही काय आपली गोदावरी आहे?"

"नदी आहे ना? मग झालं!"

मी खिडकीची वरची काच खसकन खाली ओढली. डब्याची देखरेख करणारी बाई रशियनमध्ये ओरडत धावत आली, तोवर रुपया गेला होता. तिच्यासमोरच मी नदीला हात जोडले. गार वारा तोंडावर येत होता. काच तिलाच लावू दिली.

आता पाहुण्यांपुढे हे ऐटीत सांगतात, "आम्ही तर व्होल्गेलासुद्धा रुपया वाहिलाय!"

चहा गाळता गाळता मी आतून दर वेळी ओरडते, "आम्ही नाही, मी!"