एक्झॉस्टमधली झडप

गॅरेजमध्ये आज मिस्त्रीने कुणाच्या तरी जुन्या जीपच्या एक्झॉस्टमधून गंजलेली झडप काढली. गार इंजिनाला सुरुवातीची ऊब मिळावी, एवढंच तिचं काम. "नुसती खडखडते साहेब, फेकूनच देतात सगळे," तो हसला.

मीही आमच्या जीपची फेकली होती, वडिलांना, अण्णांना, न विचारता. खडखडणारी वस्तू काही काम करत असेल, हे सुचत नाही आपल्याला. त्याच हिवाळ्यात, पाचगणीच्या थंडीत, सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. जीप अंगणातच चारदा बंद पडली. "तापू दे रे तिला," मागच्या सीटवरून अण्णाच मला समजावत होते. दवाखाना गाठेपर्यंत ते गेले. गाडीच जुनी होती, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

"परत बसव ती," झडप हातात घेत मी म्हणालो.

"गाडी तुमचीय का?"

"नाही," म्हणालो. झडप मात्र हातातून सोडवेना.