जीपची झूल

दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं आपली जुनी जीप आमच्या ह्यांना विकली, तेव्हा मी सासरी निमोण्यात अशी मिरवले, जणू तिचं इंजिन मीच घडवलं होतं.

थंडीचे दिवस होते. डिझेलची गाडी, सकाळी चालू व्हायला रडायची. सासरी-माहेरी दोन्हीकडे पूर्वी मेंढरं. गारठलेल्या जिवावर घोंगडं टाकायचं, एवढीच विद्या मला येत होती. मी चांगलं जाड घोंगडं कापलं आणि जीपच्या तोंडावरच्या जाळीला घट्ट बसेल अशी झूल शिवली. वर कवड्या, लाल गोंडे. गाडी सकाळी पटकन चालू व्हायला लागली. मग ती झूल दिवसाही उतरेना. शिरूरच्या बाजारात लोक वळून बघायचे आणि ही शहाणी पुढच्या सीटवर पाटलीणबाईसारखी ताठ बसलेली!

होळी झाली, ऊन चढलं, आणि जीप तापायला लागली. शिरूरच्या अर्ध्या वाटेवर भसाभस वाफ. पाणी ओतायचं, थांबायचं, पुन्हा वाफ. मिस्त्रीला दाखवायचं ह्यांच्या मनातही आलं नाही. दोष कुणाचा, ते त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. देवळापुढं चार माणसांत बोलले, "मेव्हण्यानं फसवलं. खराब गाडी गळ्यात मारली."

मी घरात म्हणाले, "माझा भाऊ असं करायचा न्हाई."

"मंग वाफ काय मी सोडतो व्हय?"

बोलणं दौंडला पोचलं. भाऊ यष्टीनं आला, तो लालबुंद होऊन. देवळापुढंच जीप उभी होती. त्यानं झूल बघितली, दोन्ही हातांनी ओढून काढली आणि पोट धरून हसला.

"अवो दाजी, हिला नाक तरी मोकळं ठेवा! वारं लागंल कुठनं?"

सगळा पार हसला. हे हसले नाहीत.

"तुमच्या बहिणीनंच शिवलंय ते. लई हुशार हाय. घिऊन जावा तिला, झुलीसकट."

भावाचं हसू तिथंच थांबलं. "आन् मला फसव्या म्हणलात, त्याचं काय?"

माझ्या घरचं पाणीही न पिता तो गेला.

जीप पुन्हा तापली नाही. पण दौंडचं नाव घरात निघेना. रक्षाबंधनाची राखी मी देव्हाऱ्यातल्या कृष्णाला बांधली आणि आतल्या खोलीत रडून घेतलं. माहेर म्हणून तेवढं एक दार होतं, आणि ते मी गोंडे लावून शिवून टाकलं होतं.

भाऊबीजेला सकाळीच ओवाळणीचं ताट घेऊन मी जीपमध्ये जाऊन बसले. "न्यायचं तर न्या, न्हाईतर हितंच बसते. येणारेजाणारे बघत्यालच."

ह्यांनी जीप काढली आणि दौंडला नेली. दारात गाडी लावली, उतरले नाहीत. मी आत भावाला ओवाळलं. त्याची नजर खिडकीबाहेर. शेवटी चहाचा कप घेऊन तो बाहेर गेला. मी ताट हातात धरून उंबऱ्यात उभी.

"तापती का आता?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मंग च्या घ्या."

ह्यांनी चहा गाडीत बसूनच घेतला आणि कप खिडकीतून परत दिला. भाऊ कप धरून थोडा थांबला. हे समोर काचेतून रस्ता बघत राहिले.


"आक्का, पुढच्या वर्षी ये," असं भाऊ मला म्हणाला. 'दोघं या' म्हणाला नाही.