फिलूची तिसरी तार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या फिलूला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, तरी सांगायला बसलेय — की ओळखत नाही म्हणूनच जीभ उचलतेय? असेल तसंही.

पण आधी थोडी फुशारकी मारू द्या. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझा कान पक्का आहे. हे मी नम्रपणे वगैरे सांगणार नाही. आमची वसईत केळीची आणि सोनचाफ्याची वाडी. बाबा संध्याकाळी भजनाला पेटी वाजवायचे. मुलींनी त्यात बसायची पद्धत नव्हती, म्हणून मी ओट्यावर फुलं निवडत ऐकायची. आठ-नऊ वर्षांची असेन, एकदा तिथूनच ओरडले की बाबा, एक सूर घसा बसल्यासारखा येतोय. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेटी उघडली तर आत कचरा अडकलेला. त्यानंतर पेटीचं काही बिनसलं की बाबा मला हाक मारायचे, पण वाजवायला कधी दिली नाही.

मग, दोन हजार सालानंतर कधीतरी, सायमन सर गावी परत आले. जन्मभर बोटीवरच्या बँडमध्ये वाजवलं आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी काय केलं असेल? चर्चच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी बायकांना युकुलेले शिकवायला सुरुवात केली. चार तारांचं, कुशीत मावेल एवढं वाद्य. बाबा त्याला खेळणं म्हणायचे. गावातले बाप्ये आधी हसले, मग आपापल्या बायकांना स्कूटरवरून हॉलवर सोडायला लागले.

मला तिथे फिलूने ओढत नेलं. फिलू म्हणजे फिलोमिना, आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडची, बालवाडीपासूनची माझी मैत्रीण. तिचं सासर त्याच गावात, माझं दोन गावं सोडून, पण वाडीच्या कामाला मी रोज माहेरी यायची, आमच्या पायवाटेवर कधी गवत उगवलं नाही. मी म्हटलं, अगं, चर्चच्या हॉलमध्ये मी काय करू? ती म्हणाली, "वाजव. तिथं काय जात इचारनार हाय कोन?" खरंच कुणी विचारली नाही. उलट वर्षभरात सरांनी सूर लावायचं काम माझ्याकडे दिलं. चाळीस बायका, चाळीस युकुलेले, एकशे साठ तारा. मी एकेक कानाशी धरायची, खुंटी पिळायची आणि पुढे सरकवायची. वाजवायलाही मी सगळ्यांत आधी शिकले. हेही खरंच आहे, मग का लपवू?

आजूबाजूच्या गावांतही सरांनी वर्ग काढले आणि जानेवारीत चर्चच्या पटांगणात युकुलेलेचा मेळावा भरायला लागला. सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळी वाद्यं वेदीच्या पायऱ्यांवर मांडायची, फादर आशीर्वाद द्यायचे, पवित्र पाणी शिंपडायचे — लाकडावर पाणी नको म्हणून सर दरवर्षी कासावीस — आणि दुपारी कार्यक्रम. पहिल्या वर्षी स्टेजवर जायच्या आधी घाबरून जिने तिने आपापल्या खुंट्या पिळल्या. दोन तारा तुटल्या आणि बाकीच्या अशा बोलल्या की मांडवाबाहेरची कुत्री उठून गेली. तेव्हा सरांनी नियम केला. आशीर्वाद झाल्यावर खुंटीला फक्त सुमन हात लावेल, दुसरं कुणी नाही. सुमन म्हणजे मी.

सरांच्या दृष्टीने ती साधी शिस्त होती. बायकांनी मात्र त्यात आशीर्वाद मिसळला. आपण खुंटी पिळली तर फादरांनी दिलेलं उतरतं, असं हळूहळू सगळ्यांच्या मनात बसलं. मला ते ठाऊक होतं. मी कधी दुरुस्त केलं नाही. खरं सांगू? मला ते आवडायचं.

दुसऱ्या वर्षी सरांनी ठरवलं की सुरुवात लग्नातल्या जुन्या गाण्याने करायची. आधी एकटीने पूर्ण कडवं वाजवायचं, मग चाळीस जणींनी उचलायचं. मी मनातल्या मनात पुढच्या खुर्चीवर जाऊन बसलेसुद्धा. सरांनी नाव घेतलं फिलूचं. ते गाणं तिची आई गावातल्या प्रत्येक लग्नात म्हणायची. आता म्हातारीचा आवाज गेला होता, घशातून नुसती हवा यायची. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, हात तुझाच चांगला आहे, पण गाणं तिच्या घरचं आहे. किती साधी गोष्ट होती. मी हो म्हटलं, हसले, वाडीत आले आणि त्या दिवशी माझ्या हातून चाफ्याच्या कळ्यासुद्धा खुडल्या गेल्या.

फिलू दोन महिने त्या एका कडव्यावर बसली. माहेरी पडवीत आईसमोर वाजवायची नाही, मागे आमच्या कुंपणाच्या बाजूच्या माडीवर जाऊन वाजवायची. आईने पहिल्यांदा ऐकायचं ते मेळाव्यातच, असा तिचा हट्ट. आदल्या दिवशी तिच्या युकुलेलेची तिसरी तार तुटली आणि सरांनी नवी लावून दिली. आता नव्या तारेचा एक स्वभाव असतो. ती ताणत राहते, सूर लावला तरी तासाभरात उतरते. हाताने ओढून ओढून तिला दमवावं लागतं आणि वाजवायच्या आधी पुन्हा लावावी लागते. हे मला माहीत होतं. फिलूला नव्हतं.

मी मिस्साआधी ती नीट लावली होती. ते सबब म्हणून नाही सांगत, क्रम कळावा म्हणून सांगतेय.

दुपारी मांडवामागे फिलू माझ्याकडे आली. मोठ्या लुगड्यात होती, केसांत आमच्याच वाडीतला चाफा. कार्यक्रमाला अजून वेळ होता. तिने चारही तारा माझ्या कानाशी हलकेच छेडल्या आणि विचारलं, "बरोबर हाय नं गो?"

तिसरी तार उतरली होती. थोडीशीच, पण उतरली होती, आणि वाजेपर्यंत आणखी उतरणार होती. खुंटी माझ्या बोटांपासून वीतभर लांब. एक पीळ द्यायचा होता. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं असं म्हणून मी कितीदा तरी स्वतःला समजावलंय — पण माझा कान दुसऱ्या कुणासारखा आहे का?

मी म्हटलं, "बरोबर."

पुढचं गावाला ठाऊक आहे. फिलू पुढच्या खुर्चीवर बसली, समोर प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत तिची आई. दोन ओळी झाल्या आणि तारेने दगा दिला. गाणं ओळखू येईना. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तेच. आपलंच बोट चुकतंय असं समजून ती हाताकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिचा हात खुंटीपर्यंत गेला — हे मी दुसऱ्या रांगेतून डोळ्यांनी पाहिलं — आणि तिथून परत आला. आशीर्वाद झाला होता ना.

मांडवात कुजबुज सुरू झाली तेव्हा मी उभी राहिले आणि ते कडवं उचललं. आणि काय वाजवलं म्हणून सांगू. दोन महिने कुंपणापलीकडून ऐकून माझ्या हातात ते बसलंच होतं. एक सूर हलला नाही. शेवटच्या ओळीला चाळीस जणी आत शिरल्या तेव्हा मांडव उभा राहिला. सरांनी डोळे पुसले. बाबा मागे उभे होते, घरी जाऊन त्यांनी पेटी माझ्यापुढे ठेवली. त्या वाजवण्याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. तो जावा म्हणून मी पुष्कळ खटपट केली, पण जात नाही. चांगलं वाजवलं ते वाजवलंच.

फिलूच्या आईने माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. बोलता येत नव्हतं तिला. पुढच्या मेळाव्याला म्हातारी नव्हती.

हॉलमध्ये माझा फोटो आहे, उभी राहून वाजवतानाचा. मी गावाची लाज राखली ही गोष्ट नव्या मुलींना सांगितली जाते, आणि सगळ्यांत रंगवून सांगते ती फिलूच. सुमन नसती तर आपलं काय झालं असतं, म्हणते. ती त्या दिवसापासून मागच्या रांगेत बसते. सरांनी पुढे दोनदा विचारलं तर म्हणाली, माझा हात कच्चा हाय. तिचा हात कच्चा नव्हता. त्या कडव्यात तिचं बोट एकदाही चुकलं नव्हतं.

अजूनही दर मेळाव्याला मांडवामागे ती आपला युकुलेले माझ्या हातात देते आणि तेच विचारते. मी चारही तारा दोनदा तपासते आणि बरोबर म्हणते. ती स्वतः ऐकून बघत नाही.