वाणात दिलेला कागद

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण हळदीकुंकवाला वाण म्हणून प्रिंटरचा कागद देणारी बाई अख्ख्या टेक्सासात मी एकटीच असेन. तोही एकीलाच. बाकीच्यांना स्टीलचे डबे.

ती एक म्हणजे माझी जुन्या अपार्टमेंटमधली शेजारीण, नागपूरची. आमच्या मुली एकाच वर्गात होत्या. शाळेत पालकांची मीटिंग असली की आम्ही दोघी मागच्या रांगेत बसायचो. इंग्रजी कळलं नाही की ती मला विचारायची, आणि मलाही कळलेलं नसलं तरी मी ठोकून द्यायचे. मग आम्ही हायवेपलीकडे घर घेतलं, चांगल्या शाळेच्या हद्दीत. इथे शाळेचा बराचसा पैसा आजूबाजूच्या घरांच्या टॅक्समधून येतो. घरं महाग तशी शाळा गबर. नव्या शाळेतल्या व्हायोलिनचं, सायन्स लॅबचं कौतुक मी तिला फोनवर ऐकवत राहायचे. त्यांच्या शाळेची लायब्ररी बंद झाली आणि बाईंनी पालकांकडे कागद मागितलाय, हे ती एकदाच बोलून गेली.

तेवढं मला पुरलं. संक्रांतीला जरीची साडी नेसून, नव्या शेजारणींच्या देखत, मी कागदाचं जाडजूड पुडकं तिच्या हातात ठेवलं. तुमच्या शाळेत लागतो ना, असं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. केवढी दानशूर! समोर आरसा असता तर मी स्वतःलाच वाकून नमस्कार केला असता. तिने पुडकं छातीशी धरलं, कुंकू लावून घेतलं आणि मसाला दूध तसंच ठेवून निघाली. पुढे तिचा फोन येईना.

त्याच घरात मी अजून राहते. हे गेले, मुलगी सिएटलला. नातवंडं व्हिडिओवर ‘हाय आजी’ म्हणतात आणि पळतात. शाळेचा टॅक्स मात्र मी न चुकता भरते. संध्याकाळी पलीकडच्या हायस्कूलचा बँड सराव करतो, तेव्हा चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसते. बऱ्याचदा दिवसभरात घरात आलेला आवाज तेवढाच. शेजारची खुर्ची मी उगाच पुसून ठेवते. नागपूरची ती आता कुठे असते, ठाऊक नाही.

त्या संक्रांतीनंतरच्या पाडव्याला मात्र न राहवून मी श्रीखंड घेऊन तिच्या दारात उभी राहिले होते. तिने आत घेतलं, चहा टाकला. कागदावरून माझं चुकलंच, असं मी दोनतीनदा म्हटलं. ती गॅसकडे तोंड करून ऐकत होती. मग चहा गाळता गाळता म्हणाली, “कागदाचं काय घेऊन बसली तू? तो दुसऱ्याच दिवशी शाळेत दिला मी, बाई खूश झाल्या. मीटिंगला माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहते, तिचं काय करू ते सांग.”