पोर्ट ऑफ स्पेन, एम. पी. नगर झोन-टू

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. काम चालू असतं, कोणीतरी काहीतरी बोलतं, बाकीचे हसतात, आणि चहाच्या कपाखालच्या गोल डागासारखा तो किस्सा टेबलावर राहून जातो. आमच्या ऑफिसातलं टेबल तर अशा डागांनी भरलंय!

ऑफिस म्हणजे भोपाळच्या एम. पी. नगरात, एका कोचिंग क्लासच्या वर, अडीच खोल्या. आम्ही ऑडिओ गाइड बनवतो. म्हणजे तुम्ही परक्या शहरात कानात इयरफोन घालून फिरायचं, आणि आमच्या आवाजानं सांगायचं की डावीकडे बघा, हे अमुक चर्च. माणसं चारच. मालक सप्रे सर. रेकॉर्डिंग सांभाळणारा फरहान, अस्सल जुन्या भोपाळचा. ग्वाल्हेरचे जोशी सर, हिंदीचे निवृत्त शिक्षक, ज्यांचा आवाज ऐकून रिक्षावाला मीटर पाडतो. आणि स्क्रिप्ट लिहिणारी मी, माधुरी, राहणार अवधपुरी.

आमच्यापैकी एकानंही परदेश पाहिलेला नाही. तरी मध्यंतरी वर्षभर आम्ही चौघं पोर्ट ऑफ स्पेनमध्येच राहत होतो!

*

काम मिळालं त्या दिवशी सप्रे सर पेढे घेऊन आले. "स्पेनचं काम मिळालंय!"

दोन दिवस मी बैलांच्या झुंजींवर वाचत बसले. सर आरशासमोर 'होला, होला' करत होते. मग पहिला व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे पन्नाशीची, कुरळ्या केसांची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. नाव इंद्राणी. सर उत्साहानं म्हणाले, "होला!"

"नमस्ते," ती म्हणाली.

सर गडबडले. मग तिनं इंग्रजीत शांतपणे समजावलं. पोर्ट ऑफ स्पेन ही त्रिनिदादची राजधानी, कॅरिबियन समुद्रात. स्पेन महासागराच्या पलीकडे. आधी स्पॅनिश आले, मग फ्रेंच मळेवाले आले, मग इंग्रजांनी सगळंच घेतलं, आणि मग उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून तिच्या पणजोबांसारखी माणसं आणली.

"मग नाव अजून स्पेनचं कसं?" मी विचारलं.

"जाताना विसरून गेले!"

क्रिकेट बघायला भारतातून लोक येतात, त्यांच्यासाठी तिला हिंदी गाइड हवा होता. पेढे तेवढ्यात संपले होते.

*

शहराच्या मधोमध एक प्रचंड मैदान आहे, सवाना म्हणतात. कडेला नारळपाणीवाले, आत क्रिकेट, फुटबॉल, कार्निव्हलचे मांडव. मैदानाभोवतीचा रस्ता पूर्ण वन-वे. तिथले लोक अभिमानानं सांगतात की हा जगातला सगळ्यात मोठा गोल चौक.

कॉलवर हे ऐकून फरहाननं हेडफोन काढला. "मतलब मोड़ छूट गया तो?"

"पूर्ण फेरी मारायची," इंद्राणी म्हणाली.

"पूरे मैदान की?"

"पूर्ण मैदानाची."

फरहान मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मैडम, गाइड में लिख दो, भोपाल वाले गाड़ी किराये पे न लें. अपन तो उल्टे ही आएँगे!"

*

याच मैदानाच्या एका कडेला सात जुन्या हवेल्या रांगेत उभ्या आहेत. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एक तर हुबेहूब स्कॉटलंडच्या किल्ल्यासारखी, बुरूजबिरूज सगळं. मी लिहिलं, 'सामने खड़ा है यह भव्य क़िला'.

जोशी सर माइकसमोर थांबले. "हा किल्ला?"

"हो सर."

"माधुरी, मी ग्वाल्हेरचा आहे. आमच्याकडे एवढ्याशा बांधकामात चौकीदार राहतो. मी भव्य म्हणणार नाही."

अर्धा तास गेला. सप्रे सरांनी विनवलं, फरहाननं चहा पाजला. जोशी सर 'इमारत' म्हणायला तयार, 'भव्य क़िला' नाही. शेवटी कॉलवर मी इंद्राणीलाच सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "त्यांच्या किल्ल्यात लढाया किती झाल्या?"

सर ताठ बसले. "मोजायच्या कशा!"

"आमच्या किल्ल्यात एकही नाही. एका माणसानं बायकोमुलांसाठी घर बांधलं, एवढंच."

सरांनी चष्मा पुसला, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "सामने खड़ा है यह भव्य क़िला." एका टेकमध्ये ओके!

*

तिथल्या इंग्रजीत 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नाही. म्हणजे नंतर. कधी नंतर, ते कोणालाच माहीत नसतं. हे कळायला आम्हाला एक महिना लागला, कारण इंद्राणी रोज म्हणायची, "फोटो पाठवते, जस्ट नाऊ," आणि आम्ही चौघं इनबॉक्सकडे डोळे लावून बसायचो.

अर्थ कळल्यावर सप्रे सर एकदम खूश झाले. त्या दिवसापासून पगारवाढीबद्दल विचारलं की एकच उत्तर मिळतं.

"जस्ट नाऊ!"

*

सेंट जेम्स हा शहराचा पश्चिमेकडचा भाग. पूर्वी तिथे उसाचा मळा होता आणि मळ्यावर आपले लोक. म्हणून तिथल्या गल्ल्यांची नावं ऐका: बॉम्बे स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, लखनौ, पाटणा, कलकत्ता, हैदराबाद! मी मोठ्यानं वाचत होते आणि फरहान एकेका नावासरशी पुढे सरकत होता.

"भोपाल?"

"नाही."

"ठीक से देखो. हैदराबाद है और भोपाल नहीं?"

त्यानं पुढच्या कॉलवर स्वतः तक्रार केली. इंद्राणीनं गंभीरपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "आमच्या घरामागे एक अरुंद गल्ली आहे. तिला नाव नाही. तिथे फक्त आमचा कुत्रा झोपतो. ती देऊ?"

फरहाननं हनुवटी खाजवली. "आसपास तालाब है?"

"समुद्र आहे."

"चलेगा."

*

त्याच सेंट जेम्समध्ये मोहरमला ताजिये निघतात. बांबूचे आणि कागदाचे, घराएवढे उंच. बनवणारे आणि बघणारे सगळ्या धर्मांचे. मिरवणुकीत वाजतो तो 'तासा'. वाजवण्याआधी शेकोटीजवळ धरून तापवतात, म्हणजे कातडं ताणलं जातं.

इंद्राणीनं त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. (जस्ट नाऊ म्हणून. आठवड्यानं.) फरहाननं स्पीकर लावला आणि आम्ही तिघं एकाच वेळी बोललो.

मी म्हटलं, "अरे, हा तर आपला गणपतीतला ताशा!"

जोशी सर म्हणाले, "ग्वाल्हेरला लग्नात हाच वाजायचा."

फरहान उभाच राहिला. "ये मेरे चचा का हाथ है! चचा ऐसे ही बजाते हैं!"

आवाज एवढा मोठा होता की खालच्या कोचिंग क्लासचे बिहारी सर तणतणत वर आले. केमिस्ट्रीचा पेपर चालू होता. दारात उभे राहिले, तोंड उघडलं, आणि थोडा वेळ तसेच ऐकत राहिले. मग म्हणाले, "हमारे छपरा का है न?"

*

आता शेवटचा.

काम संपत आलं होतं. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा की तिकडे सकाळचे नऊ, तेव्हा कॉल व्हायचा. त्या दिवशी इंद्राणीचा चेहरा उतरलेला होता. तिची आजी आजारी होती. तिकडेही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे कोण मराठी कुटुंब म्हणून उडालेच होते! आजी नव्वदीच्या पुढची. गेले काही महिने कोणाला ओळखत नव्हती, बोलत नव्हती. आणि दोन दिवसांपासून तिनं तोंडात घास घेतला नव्हता.

"सतत दाराकडे बघते," इंद्राणी म्हणाली. "तिच्या वडिलांची वाट बघते असं मला वाटतं. ते लहानपणी जहाजातून इथे आले. जन्मभर म्हणायचे, पुढच्या वर्षी घरी जाणार. दर रविवारी धक्क्यावर जाऊन बसायचे. आजी लहान असताना त्यांचं बोट धरून जायची. इथेच वारले."

जोशी सर म्हणाले, "भेटता येईल त्यांना?"

इंद्राणीनं फोन उचलून आत नेला. खिडकीपाशी खाटेवर आजी बसली होती, ओढणी डोक्यावरून घेतलेली. पुढ्यात भाताची थाळी, हातही न लावलेली. इंद्राणीनं फोन तिच्यासमोर धरला. आम्ही चौघं चौकटीत दाटीवाटीनं बसलो होतो. तिची नजर आमच्यावरून नुसती फिरली.

जोशी सरांनी हात जोडले. "प्रणाम, माताजी. भोजन नहीं किया आपने?"

त्या आवाजानं आजी दचकली. पुढे वाकली. सरांचे पांढरे केस, पांढऱ्या मिशा, कितीतरी वेळ बघत राहिली. मग ओठ हलले. फार बारीक आवाज होता.

"बाबा," ती म्हणाली, "घरे पहुँच गइला?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही, सप्रे सरांकडेही नाही. वर्गात बसलेल्या सगळ्यात लहान मुलीशी बोलावं तसे ते म्हणाले, "हाँ बेटी. पहुँच गया."

"सब ठीक बा?"

"सब ठीक है. घर वैसा ही है."

आजीनं हळूहळू मान हलवली. ओढणी सारखी केली. मग इंद्राणीकडे वळून, जरा खेकसूनच म्हणाली, "भात ठंडा हो गइल. गरम ला."