सीटच्या पाठीवरचं नाव

चिरू आणि मीरा, आप्पाआजोबांना जाऊन दीड महिना झाला. इतक्यात लिहिणार नव्हते. पण परवा प्रसादच्या उशांच्या फोटोंना तुम्ही दोघांनी दाद दिलीत, म्हणून आजच लिहिते. फोटोखाली त्याने लिहिलंय, 'रस्त्याची लोककला'. तुमचा हा प्रसादकाका शहरात डिझाइन शिकला. सीटा भरल्या की सुटणाऱ्या आपल्याकडच्या वडाप जीपमध्ये तो जन्मात बसलेला नाही. त्याला म्हणे मळमळतं.

गाड्यांतलं आप्पांनाही काही कळत नव्हतं. वडगावात मागावर साड्या विणणारा, सायकलवर फिरणारा माझा दीर. निपाणी रस्त्यावर वडाप चालवणाऱ्या महादूने जीपसाठी त्यांच्याकडे कापड मागितलं, तेव्हा मीच नाक मुरडलं होतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला त्या झालरी, ते गोंडे गावंढळ वाटत. माझी अक्कल तेवढीच...

आप्पांची पहिली चूक विणकराची होती. मानाच्या साडीच्या पदरात ते नाव विणून देत. तसंच त्यांनी सीटच्या पाठीवर महादूच्या नुकत्याच गेलेल्या आईचं नाव जरीत विणलं : शेवंता. महादू बघतच राहिला.

"काय रं, रंग आवडला न्हाय?"

"रंग लई झ्याक हाय, आप्पा. पर आईच्या अंगावर पाशिंजर रेलणार व्हय?"

आप्पांनी कापड परत घेतलं. मग आठवडाभर ते मागच्या बाकावर बसून निपाणीला जाऊन येत होते. ड्रायव्हर सकाळी आधी कुठे हात जोडतो, बायका कशाला धरतात, कुठे कुणाचा पाय लागत नाही, एवढंच पाहत. नंतर सीटला साधं, मळखाऊ कापड आलं आणि नाव समोरच्या काचेवर, वरच्या विणलेल्या पट्टीत गेलं.

आप्पांच्या तेराव्याला प्रसादने महादूकडे ती पट्टी मागितली. "काका, प्रदर्शनात शोभेल."

"आदी गाडीत बसा," महादू म्हणाला. "निपाणीला जाऊन येऊ, मग बोलू."

प्रसाद बसला नाही. त्याने पट्टीचा फोटो काढला आणि तेच नाव उशांवर छापलं. एका विणकराने लाजून परत घेतलेली चूक या शिकलेल्या माणसाने दिवाणखान्यात टेकायला मांडली, आणि तुम्ही तिला दाद दिलीत. आपल्या घराण्यातलं शिक्षण बहुधा असंच वाया जातं.

महादूने ते फोटो अजून पाहिलेले नाहीत. पट्टी त्याच्या काचेवरच आहे.