निळ्या ग्लासातली बी

गोल होण्याआधी मला तो दिसतो. यात फुशारकी काही नाही. शाळेपासून कॉलेजपर्यंत मी राइट विंगला हॉकी खेळले. चेंडू कुठून सुटला आणि कुणाचा पाय किती उशिरा निघाला, हे बघायची डोळ्यांना सवयच लागून गेली आहे. अडचण एवढीच की मस्कतच्या शुक्रवारच्या लीगमध्ये आमच्या टीमच्या गोलात उभा असायचा तो माझा नवरा. चेंडू त्याच्या डाव्या पायाकडे निघाला की मी बाकावरून उठायचे. मी उठले की बाकावरचे बाकीचे समजून जायचे, गेला.

मागचा अख्खा सीझन मी जवळजवळ उभ्यानेच काढला.

आमची टीम नोकरदार मराठी लोकांची. कोणी रत्नागिरीकडचा, कोणी वसईचा, कोणी पुण्याचा. आठवडाभर गॅरेजात, हॉटेलात, ऑफिसात राबायचं आणि शुक्रवारी टर्फवर धावायचं. पण इथे माणसं टिकत नाहीत. कोणाची कंपनी बुडते, कोणाचा व्हिसा संपतो, कोणी मुलांच्या कॉलेजसाठी कायमचा घरी परततो. म्हणून लीगने एक पद्धत पाडली आहे. सीझन संपला की प्रत्येक टीमने आपले कोण ठेवायचे आणि कोण सोडायचे ते ठरवायचं. सोडलेले आणि नवे आलेले असे सगळे एकत्र करायचे आणि मग कॅप्टन लोकांनी आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा. याला सगळे ड्राफ्ट म्हणतात. जो तळाला, त्याला पहिला घास.

पहिला घास आम्हाला याआधीही मिळाला होता. एकदा फक्कड सेंटर हाफ उचलला, तर त्याला कंपनीने दूर सलालाला बदलून टाकलं. दुसऱ्या वेळचा फॉरवर्ड लग्नासाठी गावी गेला तो आलाच नाही. आम्ही पुन्हा तळाला.

बाकावर त्याचीच चर्चा चालायची. दोघे कायमचे बोलणारे. एक वसईचे अंकल, हॉटेलच्या बेकरीत कामाला, दर मॅचला पॅटिसचा डबा घेऊन येणारे. दुसरा लांज्याचा एसी मेकॅनिक. त्याने स्वतः कधी स्टिक हातात धरली नव्हती, पण हॉकीवर बोलायला लागला की थांबायचा नाही.

"रीबिल्डिंग करायचं ना, तर मागून सुरू करायचं," अंकल म्हणायचे. "घर बांधताना आधी स्लॅब टाकतो का कोण? फॉरवर्ड काय, कोण पण मिळेल. पण गोलमध्ये जर..." एवढ्यात मी दिसले की वाक्य गिळायचे आणि डबा पुढे करायचे. "घे गं बाय, गरम आहे."

"नाय ओ अंकल, मी काय म्हणतंय," लांज्याचा म्हणायचा, "ह्यावेळी निझव्याचा तो पोरगा गावला ना, की आपला काम फत्ते. मग कोण बोलणार नाय."

निझव्याचा पोरगा म्हणजे तिथल्या एका बांधकाम सामानाच्या दुकानात नव्याने लागलेला पंजाबी मुलगा. कुठल्यातरी मैत्रीच्या सामन्यात तो गोलात उभा राहिला होता आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. तो व्हिडिओ बाकभर फिरायचा. मी जवळ आले की फोन उलटा व्हायचा.

मला या कुजबुजीची चीड होती. अरे, बोलायचं तर तोंडावर बोला! शुक्रवारी सकाळपासून हाच माणूस कंपनीची पिकअप घेऊन रुवीभर फिरतो, तुम्हाला दारातून उचलतो, परत दारात सोडतो. आणि तुम्ही त्याच्या पाठीमागे दुसऱ्याचा व्हिडिओ बघता. मग वाटायचं, मी तरी कुठे बोलते? त्यांच्याहून जास्त मला दिसत होतं. डावा गुडघा वाकायला तयार नव्हता. जमिनीलगतचा फटका आला की पाय निघायचा, पण उशिरा. पिकअपमधून उतरताना तो आधी दार घट्ट धरायचा आणि मग पाय खाली टाकायचा. मी विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं, बसून बसून आखडतो." त्याला खेळायचं होतं. गाला भागातल्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर ग्राहकांची बोलणी खाणारा माणूस गोलात उभा राहिला की वेगळाच दिसायचा, छाती काढून. ते मी कसं हिसकावून घेऊ?

शेवटच्या मॅचआधी बाकावर भांडणच पेटलं. मॅच हरलो तर आम्ही तळाला आणि निझव्याचा मुलगा आमचा. बरोबरी जरी झाली, तरी दुसरी टीम तळाला जाणार.

"हरूया ना सरळ," लांज्याचा म्हणाला. "जिंकून काय हार घालणार हत का कोण?"

अंकल ताडकन उठले. "मुद्दाम हरायचं? मग मी पण उद्या यीस्ट न टाकता पाव पाठवतो हॉटेलला! शरम नाही वाटत?"

"शरम कसली? फायद्याचा बोलतंय मी."

मॅच सुरू झाली तरी दोघे एकमेकांवर ओरडतच होते आणि मी साइडलाइनवर येरझाऱ्या घालत होते. मॅच बरोबरीत होती. अगदी शेवटी त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, थांबला, सुटला. खाली आणि डावीकडे. मी उभीच होते, त्यामुळे त्या दिवशी बाकाला कळायला उशीर झाला. नवरा जमिनीवर पडला होता, चेंडू मागे जाळीत होता. त्याने उठायला खांब धरला.

"यल्ला! पहिला नंबर आपलाच!" लांज्याचा ओरडला आणि मला बघून त्याने जीभ चावली.

कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, याची बैठक पुढच्या शुक्रवारी नवऱ्याच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये झाली. सुट्टीच्या दिवशी शेड वापरायला अर्बाबची, म्हणजे मालकाची, हरकत नसते. नवऱ्याने सकाळी जाऊन फरशीवरचं तेल पुसून काढलं होतं, खुर्च्या मांडल्या होत्या. मी पोहे केले होते. सगळे दोनदोनदा घेऊन खात होते.

आमच्याकडे मत द्यायची एक जुनी रीत आहे. पूर्वी हात वर करायचे. त्यावरून एकदा दोघांत अशी जुंपली की दोघेही टीम सोडून गेले. तेव्हापासून खजूर आले. टायरच्या थप्पीमागे दोन ग्लास ठेवायचे, एक स्टीलचा, एक निळा प्लास्टिकचा. एकेकाने एक खजूर खायचा, थप्पीमागे जायचं आणि बी टाकून यायचं. ठेवायचा असेल तर स्टीलच्या ग्लासात, सोडायचा असेल तर निळ्यात. स्टीलमध्ये बी टणकन वाजते आणि बाहेर ऐकू येते, म्हणून त्याच्या तळाला टिश्यू पेपर घालतात. मत सगळ्यांना असतं. खेळणाऱ्यांना, वर्षभर बाकावर बसणाऱ्यांना आणि ज्याचा निकाल लागायचा आहे त्यालाही.

नवऱ्याची पाळी शेवटी आली. आमचा कॅप्टन पुण्याचा, वयाने लहान, बोलायला गोड. तो म्हणाला, "सर, फॉर्मॅलिटी आहे हं, मनाला लावून घेऊ नका." नवरा हसला. खजुराचं ताट त्यानेच उचललं आणि सगळ्यांपुढे फिरवलं. प्रत्येकापुढे थांबला. माझ्याही.

मी खजूर तोंडात टाकला आणि तो किती वेळ घोळवत राहिले. थप्पीमागे गेले तेव्हा समोर ते दोन ग्लास. मला वाटलं, मी बायको आहे, टाक स्टीलमध्ये आणि मोकळी हो. तशी बाकीची सगळी आहेतच त्याला सोडायला, वर्षभर बोंबलतायत, माझ्या एका बीने काय होणार? पण मग मलाच माझी लाज वाटली. ज्यांच्या कुजबुजीवर मी चिडत होते, त्यांच्यासारखंच मीही एक तोंडावर आणि एक मनात ठेवणार का? शिवाय तो गुडघा. आणि खरं सांगते, मला ती टीम एकदा तरी वर आलेली बघायची होती. मी बी निळ्यात टाकली.

माझ्यानंतर अंकल गेले, लांज्याचा गेला, सगळ्यात शेवटी नवरा गेला.

कॅप्टनने दोन्ही ग्लास आणून टेबलावर उलटे केले. स्टीलमधून बियांचा ढीग पडला. निळ्यातून एक बी घरंगळत ताटापर्यंत गेली.

म्हणजे ती माझीच. अंकल? लांज्याचा? तो व्हिडिओ फिरवणारे सगळे? भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. त्याचे पोहे खाल्ले, त्याच्या गाडीतून फिरले, त्याने हाताने पुढे केलेला खजूर घेतला, मग कोणाचा हात निळ्याकडे जाईना.

"सर, मानलं तुम्हाला!" कॅप्टनने ती एकटी बी उचलून दाखवली. "ही कोणाची ते सांगायला नको. टीमसाठी स्वतःविरुद्ध मत द्यायचं म्हणजे..."

टाळ्या वाजल्या. अंकलनी डोळे पुसले. लांज्याच्याने जाऊन मिठी मारली. "भावजी, तुमच्यासारखा मानूस नाय!" नवरा त्या बीकडे बघत होता. मग त्याने हात वर करून टाळ्या घेतल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या दारात सोडून झालं आणि गाडीत आम्ही दोघेच राहिलो. एरवी तो एकटाच बडबडत असतो. त्या दिवशी सिग्नलमागून सिग्नल गेले.

"मी स्टीलमध्ये टाकली होती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सगळ्यांनी सोडलं असतं ना, तरी एक बी माझी आणि एक तुझी असेल, असं मी धरून चाललो होतो."

मला रडू आलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. पुढच्या सिग्नलला तो म्हणाला, "आता सांग तरी. काय बघितलंस?"

मग मी सांगितलं. पहिल्या मॅचपासून. कुठला गोल कसा गेला, गुडघा कधीपासून वाकत नाही, पाय कुठे अडकतो. तो मध्येच उसळायचा, "तो डिफ्लेक्ट झाला होता!" मी म्हणायचे, "डिफ्लेक्ट होण्याआधीच तू चुकला होतास." आम्ही अक्षरशः भांडत होतो, हातवारे करत, बाकावरच्या त्या दोघांसारखे. वर्षभरात त्याच्याशी हॉकीवर मी पहिल्यांदा खरं बोलत होते. इमारतीखाली गाडी थांबली तरी बोलणं संपेना.

मग गाडीतच बसून त्याने ग्रुपवर लिहिलं, मला सोडा, निझव्याच्या मुलाला घ्या. दार घट्ट धरून खाली उतरला. आम्ही लिफ्टमधून वर जाईपर्यंत फोन वाजत राहिला. जोडलेले हात, फुलं, ग्रेट सर, तुमच्या निर्णयाचा आदर आहे सर. घराच्या दारात त्याने फोन माझ्यापुढे धरला.

"वाच. एक तरी थांबा म्हणतोय का बघ."

मी वर-खाली करून बघितलं. कोणीच म्हणत नव्हतं.

ड्राफ्टच्या दिवशी आमच्या कॅप्टनने पहिलंच नाव निझव्याच्या मुलाचं घेतलं. बाक आनंदाने उभा राहिला. नवऱ्याचं नावही त्या दिवशी उचलण्यासाठी होतंच. दुसरे कॅप्टन आळीपाळीने नावं घेत गेले आणि मला एका जागी बसवेना. पाणी प्यायला गेले, परत आले, पुन्हा गेले. ज्याला मी स्वतः सोडलं, त्याला कोणीतरी घ्यावं म्हणून मी मनात देवाला हात जोडत होते. कोणी घेतलं नाही. शेवटी खुर्च्या हलायला लागल्या तेव्हा नवराच म्हणाला, "चला, चहा घेऊ."

नव्या सीझनच्या पहिल्या मॅचला तो माझ्या शेजारी बाकावर बसला. अंकलनी पॅटिस काढले. दोघांना पुरेल एवढी जागा करायला लांज्याचा सरकला. निझव्याचा मुलगा चपळ होता, दोन चेंडू त्याने मांजरासारखे अडवले. मग एक निसटला आणि गोल झाला. लांज्याचा "गोलकीपर..." म्हणाला आणि नवऱ्याकडे बघून थांबला.

"बोल की," नवरा म्हणाला. "माझ्या वेळी बोलायचास ना?"

लांज्याच्याने मान खाली घातली. नवऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा समोर बघायला लागला.

थोड्या वेळाने पेनल्टी कॉर्नर आला. चेंडू सुटला, खाली, डावीकडे. मी उठणार, एवढ्यात बाकाखालून नवऱ्याचा डावा पाय सपकन बाहेर गेला आणि माझ्या घोट्यावर आदळला. मला कळ आली. पाय वेळेत निघाला होता. मी घोटा धरून खाली बसले.